मिरजेचे धन्वंतरी डॉ. वानलेस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सातारा-सांगली परिसरात शस्त्रक्रिया ही सामान्यांच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. तेथील शेतकऱ्याला मोतीबिंदू किंवा गाठ काढायची म्हटले, तर पुण्याचे ससून किंवा मुंबईचे जे. जे. गाठावे लागे. प्रवास, सोबतच्या नातलगांचा खर्च आणि बुडालेली सुगी, या साऱ्यांचा हिशेब केला की अनेक जण दुखणे अंगावरच काढत. हे अंतर कमी करण्यात एका परदेशी डॉक्टरने आयुष्य वेचले.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडातला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते १८८९मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीत आले. तेथे लहानसा दवाखाना चालवून काही वर्षांतच त्यांनी मिरजेत बस्तान हलविले. मिरज पुण्याशी रेल्वेने जोडलेली होती आणि १८९१पासून कोल्हापूरची गाडीही तेथूनच सुटे. दूरच्या रुग्णाला बैलगाडीने दिवसचे दिवस काढावे लागू नयेत, यासाठी ही जागा सोयीची होती. मिरज संस्थानाने जमीन दिली, फिलाडेल्फियाचे उद्योजक जॉन कॉन्व्हर्स यांनी देणगी दिली आणि १८९४मध्ये मिशन हॉस्पिटल उभे राहिले.

खर्चाबाबत येथील रीत साधी होती. गरिबाला उपचार मोफत, ऐपत असणाऱ्याकडून ऐपतीप्रमाणे शुल्क. संस्थानिक आणि श्रीमंतांकडून मिळणाऱ्या पैशातून गरिबांच्या खाटा चालत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी डॉक्टरांचे नाव गावोगाव पोहोचले. पोटाच्या अवघड शस्त्रक्रियांसाठीही लांबून रुग्ण येऊ लागले.

एका डॉक्टरच्या हातावर हे काम टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १८९७मध्ये रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा सुरू झाली. येथे शिकलेले तरुण इतर ठिकाणच्या मिशन दवाखान्यांतही काम करू लागले.

शस्त्राने न सुटणारे आजारही होते. क्षयाने माणूस झिजून हाडांचा सापळा होई आणि त्यावर खात्रीचे औषध नव्हते. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर उभ्या राहिलेल्या क्षयरोग आरोग्यधामात विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हेच उपाय होते. रुग्णाचे वजन वाढू लागणे ही आशेची खूण मानली जाई. कुष्ठरुग्णांनाही मिरजेत आसरा मिळाला. मात्र रोगाने वाकडी झालेली त्यांची बोटे सरळ करणारी शस्त्रक्रिया त्या काळी अवगत नव्हती. ती स्वातंत्र्यानंतर वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांच्या कामातून रुजली.

ब्रिटिश सरकारने १९२८मध्ये वानलेस यांना ‘सर’ हा किताब दिला. त्याच वर्षी, ३९ वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त होऊन अमेरिकेला गेले आणि १९३३मध्ये तेथेच निवर्तले. पुढे मिरज वैद्यकीय उपचारांचे मोठे केंद्र म्हणून ओळखली गेली, त्याचा पाया या काळात घातला गेला. क्षयरोग्यांच्या त्या माळावरील वस्तीला लोक आजही वानलेसवाडी म्हणतात.