पऱ्हाटीचे खत करणारे सर हॉवर्ड

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत शेतोशेती पऱ्हाटीचे ढीग लागतात. काही पऱ्हाटी चुलीत जाते, बरीचशी बांधावरच पेटविली जाते. या लाकडी काडीचे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेला लागणाऱ्या इंदूरमध्ये सिद्ध झाली, त्याला नऊ दशके उलटली. तिचे जनक सर अल्बर्ट हॉवर्ड हे मूळचे बुरशीतज्ज्ञ.

इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात १८७३ साली त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमध्ये बुरशीतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. पिकांच्या रोगांवर सल्ला द्यायचा, पण कसायला स्वतःची जमीन नाही, ही उणीव त्यांना सलत राहिली. १९०५ साली बिहारमधील पुसा येथे आल्यावर ती दूर झाली. तेथे पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी गव्हाच्या सुधारित जाती निर्माण केल्या. भारतीय शेतकऱ्याला ते आपला गुरू मानू लागले.

१९२४ साली होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी कापूस संशोधनासाठी संस्था उभारली. रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांच्या साथीने त्यांनी पऱ्हाटीचा प्रश्न हाती घेतला. पऱ्हाटीतील सेल्युलोजभोवती लिग्निनचे चिवट कवच असते. बुरशीचे तंतू आत शिरून विकरे, म्हणजेच एन्झाइम, बाहेर सोडतात. ही विकरे सेल्युलोजची लांब साखळी तोडून तिची साखर करतात आणि त्या साखरेवर बुरशी जगते. मात्र तिला हवा, ओलावा आणि नत्रही लागते. कोरड्या पऱ्हाटीत नत्र अत्यल्प असते.

म्हणून हॉवर्ड आणि वाड यांनी पऱ्हाटी रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतली, मग गोठ्यात अंथरली. शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख मिसळून ती उथळ खड्ड्यांत भरली. आधी बुरशीने, नंतर जिवाणूंनी काम केले. तीन वेळा उलथापालथ केल्यावर सुमारे ९० दिवसांत खत तयार झाले.

दोघांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि 'इंदूर पद्धत' जगभर पोहोचली. त्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९४० साली आलेला त्यांचा ग्रंथ सेंद्रिय शेतीचा पाया मानला गेला. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज शेंदरी बोंडअळीच्या धास्तीने पऱ्हाटी लवकर उपटावी लागते, कारण बोंडांत राहिलेली अळी पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर येते. पऱ्हाटी जाळली तर अळी मरते, पण जमिनीला परत मिळू शकणारा सेंद्रिय अंशही धुरात जातो. यंत्राने बारीक करून शेण आणि ट्रायकोडर्मा बुरशीसह नीट कुजविली, तर खड्ड्यातील उष्णतेत अळीचा बंदोबस्त होतो आणि खतही हाती येते. बैलगाडीच्या चाकाची जागा यंत्राने घेतली असली, तरी खड्ड्यातले काम आजही बुरशीच करते.