देश गमावलेल्यांना पासपोर्ट देणारे नान्सेन

नॉर्वेचे फ्रिटजॉफ नान्सेन आधी गाजले ते बर्फामुळे. १८८८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह स्कीवरून ग्रीनलंड पार केलं होतं.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्यांच्याकडे काम दिलं, अडकलेल्या युद्धकैद्यांना घरी पोहोचवण्याचं. त्यांनी ४ लाखांहून जास्त कैदी मायदेशी पाठवले. १९२१ मध्ये ते निर्वासितांचे उच्चायुक्त झाले.

त्याच वर्षी रशियातल्या बोल्शेविक सरकारने देश सोडून गेलेल्या लाखो लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. कागदच नाही, मग सीमा ओलांडायची कशी? १९२२ मध्ये नान्सेन यांनी तोडगा काढला, ‘नान्सेन पासपोर्ट’. पुढे ५० हून अधिक देशांनी तो मान्य केला. चित्रकार मार्क शगाल यांच्याकडेही तोच होता. १९२२ चं शांततेचं नोबेल नान्सेन यांना मिळालं.

पण त्यांची दुसरी बाजूही आहे. ग्रीस-तुर्कस्तान युद्धानंतर लोकसंख्येच्या अदलाबदलीची योजना त्यांनी पुढे रेटली. १९२३ च्या करारात ती सक्तीची झाली आणि माणसाचा देश धर्मावरून ठरला. सुमारे १२ लाख ख्रिश्चन आणि ४ लाख मुस्लिम यात उखडले गेले. अनेक जण युद्धातच पळाले होते, करारानं त्यांची परतीची वाटही बंद केली.

१९३० मध्ये नान्सेन गेले. निर्वासितांना आज मिळणाऱ्या प्रवासाच्या कागदपत्रांचं मूळ त्यांच्याच पासपोर्टमध्ये आहे. अदलाबदलीवरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.