एक निवडुंग, एक कायदा आणि क्वाना पार्कर

एखाद्या वनस्पतीवर बंदी घालणारा कायदा वरकरणी त्या वनस्पतीसंबंधी असतो. वस्तुतः तो ती वनस्पती वापरणाऱ्या माणसांसंबंधी असतो. अमेरिकेत पेयोटी नावाच्या निवडुंगावरून सव्वाशेहून अधिक वर्षे जो कायदेशीर झगडा चालत आला आहे, त्याचा इतिहास पाहिला म्हणजे हे विधान अतिशयोक्त वाटणार नाही. या झगड्याच्या आरंभीच एक असाधारण पुरुष उभा आहे. कोमांची जमातीचा अखेरचा मोठा नेता म्हणून क्वाना पार्करचे नाव अमेरिकेत सर्वांना ठाऊक आहे. परंतु घोड्यावर बसून त्याने जी लढाई हरली तिचीच कथा अधिक सांगितली जाते, आणि विधिमंडळासमोर उभे राहून त्याने जी जिंकली तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

पेयोटी हे दक्षिण टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या माळरानावर उगवणारे, काटे नसलेले, जमिनीलगत वाढणारे लहानसे निवडुंग. त्याचा वरचा गोल भाग कापून वाळविला म्हणजे बटणासारखी चकती तयार होते. ती विलक्षण कडू असते आणि खाणाऱ्याला पुष्कळदा ओकारी येते. मग मात्र रंग, आकार, नाद आणि काळ यांची जाणीव पालटते व हा पालट कित्येक तास टिकतो. ज्या द्रव्यामुळे हे घडते ते मेस्कलीन १८९७ साली आर्थर हेफ्टर या जर्मन संशोधकाने वेगळे काढले आणि १९१९ मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट श्पेथ याने ते प्रयोगशाळेत तयार केले. विज्ञानाला ही ओळख पटण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस या वनस्पतीला ओळखत होता. रिओ ग्रांदे नदीकाठच्या गुहांत सापडलेले पेयोटीचे अवशेष पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ठरले आहेत. बंदीचा इतिहासही जुनाच आहे. मेक्सिकोतील स्पॅनिश धर्मन्यायालयाने १६२० साली फर्मान काढून पेयोटीचा वापर निषिद्ध ठरविला होता.

क्वानाचे जन्मवर्ष निश्चित नाही. १८४५ ते १८५२ च्या दरम्यान केव्हातरी तो जन्मला. त्याची आई सिंथिया अ‍ॅन पार्कर ही गोऱ्या वसाहतवाल्यांची मुलगी. १८३६ साली टेक्सासमधील पार्करांच्या गढीवर हल्ला झाला तेव्हा तिला नऊ-दहा वर्षांच्या वयात पळवून नेण्यात आले. ती कोमांचींतच वाढली, त्यांच्यातीलच झाली आणि पेता नोकोना या सरदाराची पत्नी बनली. १८६० च्या डिसेंबरात टेक्सासच्या सशस्त्र दलाने तिला तान्ह्या मुलीसह परत पकडून नेले. गोऱ्यांच्या दृष्टीने ही सुटका होती. तिच्या दृष्टीने ते दुसरे अपहरण होते. ती पुन्हा कधी कोमांचींकडे येऊ शकली नाही, मुलगी लवकरच वारली आणि काही वर्षांनी तीही गेली. क्वानाची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही.

पुढचा काळ कोमांचींच्या ऱ्हासाचा. ज्या रानबैलांवर त्यांचे सारे जीवन उभे होते, त्यांचे कळप कातड्यांसाठी शिकारी झपाट्याने संपवीत होते. १८६७ चा मेडिसिन लॉजचा तह क्वानाच्या क्वाहादी टोळीने मान्य केला नव्हता. २७ जून १८७४ रोजी अडोबी वॉल्स येथील शिकाऱ्यांच्या तळावर हल्ला झाला. गोळी लागणारच नाही, असे एका मांत्रिकाचे आश्वासन होते. लांब पल्ल्याच्या बंदुकांनी ते फोल ठरविले. त्याच सप्टेंबरात पालो दुरो दरीत लष्कराने आदिवासींच्या तळांवर छापा घातला आणि पकडलेल्या घोड्यांपैकी हजारावर घोडे मारून टाकले. घोडा गेला की कोमांची पायदळी येतो, हे सेनापतीला नेमके ठाऊक होते. २ जून १८७५ रोजी सुमारे चारशे लोकांसह क्वाना फोर्ट सिल येथे शरण आला.

येथून जो क्वाना दिसतो तो अधिक गुंतागुंतीचा आहे. राखीव प्रदेशात त्याने इंग्रजी व्यवहार समजून घेतला, कुरणे गुराखी मालकांना भाड्याने देऊन जमातीला उत्पन्न मिळवून दिले आणि स्वतःचेही बस्तान बसविले. छपरावर मोठे पांढरे तारे रंगविलेले त्याचे प्रशस्त घर आजूबाजूच्या प्रदेशात प्रसिद्ध झाले. १९०५ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या शपथविधीच्या मिरवणुकीत तो सामील झाला आणि त्याच वर्षी रूझवेल्ट त्याच्या मुलखात लांडग्यांच्या शिकारीला आले. कोमांचींत पूर्वी सर्व टोळ्यांचा एकच प्रमुख अशी पद्धत नव्हती. ते स्थान क्वानाला सरकारने दिले, असा आक्षेप त्याच्या हयातीतच त्याच्या भाऊबंदांनी घेतला होता. तो आक्षेप खोटा नाही. मात्र सरकारने दिलेल्या स्थानाचा उपयोग त्याने केवळ सरकारसाठी केला नाही, हेही तितकेच खरे आहे.

पेयोटीशी त्याचा संबंध केव्हा आला याविषयी एक कथा सांगितली जाते. आईच्या नातलगांना भेटण्यासाठी तो टेक्सासला गेला असता एका बैलाने त्याला शिंग मारले आणि पेयोटीचा काढा देऊन एका वैदू स्त्रीने त्याला वाचविले, अशी ती कथा आहे. तिचा तपशील कसाही असो. १८८० नंतरच्या दशकात क्वाना पेयोटी-पंथाचा अग्रणी झाला होता आणि आसपासच्या अनेक जमातींना त्याने या विधीची दीक्षा दिली, ही गोष्ट निर्विवाद आहे. विधीसाठी तंबूत रात्रभर बैठक चाले. चंद्रकोरीच्या आकाराची मातीची वेदी, तिच्यापुढे अग्नी, पाण्याने भरलेला ढोल, भोपळ्याचा खुळखुळा, आळीपाळीने म्हटलेली गाणी, मध्यरात्री व पहाटे प्यायचे पाणी आणि सकाळी सर्वांनी मिळून घेतलेले अन्न, असा त्याचा क्रम असे. दारू वर्ज्य होती. ज्या लोकांची भूमी गेली, रानबैल गेले, आणि ज्यांच्या पोरांचे केस कापून त्यांना निवासी शाळांत घातले जात होते, त्यांना या रात्रीत स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसे सापडत. १८९० च्या सुमारास अनेक जमातींत भूतनृत्याची लाट उसळली. गोऱ्यांचे राज्य दैवी शक्तीने नाहीसे होईल, ही तिची आशा होती. अडोबी वॉल्सला मांत्रिकाच्या शब्दाची किंमत मोजलेला क्वाना तिच्यापासून दूर राहिला. जग बदलण्याचे आश्वासन न देता बदललेल्या जगात माणसाला उभे ठेवील, असा मार्ग त्याला हवा होता.

सरकारी अधिकाऱ्यांना आणि मिशनऱ्यांना हे पटणारे नव्हते. १८८३ च्या नियमांनी आदिवासींचे नाच, वैदूंचे उपचार व बहुपत्नीत्व हे गुन्हे ठरविले होते आणि ते हाताळण्यासाठी खास न्यायालये नेमली होती. विरोधाभास असा की, १८८६ पासून अशाच न्यायालयाचा न्यायाधीश होता क्वाना पार्कर, ज्याच्या घरात एकाहून अधिक पत्नी होत्या आणि ज्याच्या अंगणात पेयोटीच्या बैठका होत. १८८८ मध्ये तेथील सरकारी प्रतिनिधीने पेयोटीवर बंदीचा हुकूम काढला. समारंभ थांबले नाहीत. १८९८ साली बहुपत्नीत्वाचे कारण दाखवून क्वानाला न्यायाधीशपदावरून दूर करण्यात आले.

पुढच्याच वर्षी ओक्लाहोमा प्रदेशाच्या विधिमंडळाने कायदा केला. परंतु तो करताना त्यांनी बंदी घातली ती मेस्कल बीनवर, म्हणजे एका झुडपाच्या लाल विषारी बियांवर. निवडुंगाशी त्या बियांचा काहीएक संबंध नव्हता. जे नष्ट करावयाचे त्याची साधी ओळखही करून घेण्याची गरज कायदेकर्त्यांना भासली नाही, यातच साऱ्या धोरणाचे मर्म आहे. या कायद्याखाली पेयोटीचे खटले उभे राहिले तेव्हा ही चूक उघडकीस आली. १९०७ मध्ये ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळाला आणि बंदी पक्की करण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्या वेळी क्वाना इतर जमातींच्या पुढाऱ्यांसह कायदेकर्त्यांसमोर गेला. पेयोटी हे व्यसन नसून उपासना आहे आणि ती करणारा दारूपासून दूर राहतो, ही बाजू त्यांनी शांतपणे मांडली. १९०८ साली जुना कायदाच रद्द झाला.

अर्थात विजय पुरता नव्हता. १९०९ मध्ये दारूबंदीसाठी नेमलेल्या संघराज्याच्या विशेष अधिकाऱ्याने टेक्सासमधील लरेडो येथे व्यापाऱ्यांचा पेयोटीचा साठा विकत घेऊन नष्ट केला. २३ फेब्रुवारी १९११ रोजी क्वाना वारला. आदल्याच वर्षी त्याने आईच्या अस्थी टेक्सासहून आणून आपल्या मुलखात पुरल्या होत्या. तिच्या शेजारी त्याला विसावा मिळाला.

त्याच्या मागे जे घडले ते त्याने दाखविलेल्या वाटेनेच घडले. १९१८ साली पेयोटीविरोधी विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले, सिनेटमध्ये अडले. त्याच वर्षी ओक्लाहोमातील एल रेनो येथे आदिवासींनी नेटिव्ह अमेरिकन चर्च या नावाने आपल्या पंथाची रीतसर नोंदणी केली. राज्यकर्त्यांना तंबू समजत नव्हता, चर्च समजत होते. म्हणून तंबूला चर्चचे नाव घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी देशभर दारूबंदीचा कायदा आला तेव्हा ख्रिस्ती व यहुदी विधींतील द्राक्षमद्याला त्याने सवलत दिली. त्या सवलतीसाठी पाद्र्यांना किंवा धर्मगुरूंना आपला देव खरा आहे हे सिद्ध करावे लागले नाही. क्वानाच्या माणसांना मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या करावे लागले.

१९७० च्या कायद्याने पेयोटी सर्वांत कडक वर्गात गेली, तरी या चर्चच्या विधीपुरती नियमाने सूट राहिली. मनःप्रभावी द्रव्यांवरील १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानेही लहान, निश्चित समूहांच्या पारंपरिक धर्मविधींत वापरल्या जाणाऱ्या वन्य वनस्पतींपुरती अट राखून ठेवण्याची मुभा राष्ट्रांना दिली. तथापि १९९० मध्ये ओरेगनमधील एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सर्वांना सारखा लागू असलेला कायदा धर्मासाठी अपवाद करण्यास घटनेने बांधलेला नाही. अपवाद हवा असल्यास तो विधिमंडळाने करावा. लहान धर्मांची यात गैरसोय होईल हे न्यायालयाने मान्य केले आणि ती अटळ मानली. १९९४ साली संघराज्याने कायदा करून आदिवासींचा पेयोटीचा पारंपरिक विधी सर्व राज्यांत वैध ठरविला. क्वानाच्या मृत्यूनंतर ८३ वर्षांनी हे घडले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागतो. कायदा सर्वांना समान असेल तर एका समूहाला सूट का? जन्माने आदिवासी असणारा निर्दोष आणि त्याच्याशेजारी बसलेला दुसरा अपराधी, हे न्यायाला धरून आहे काय? आक्षेप पोकळ नाही. परंतु समानतेचा हा विचार बंदी घालणाऱ्यांना १८८८ मध्ये किंवा १८९९ मध्ये सुचला नव्हता, हे विसरता येत नाही. ज्यांच्याकडून सर्वस्व हिरावून घेतले, त्यांच्या उपासनेला दिलेली मोकळीक ही मेहेरबानी नव्हे. ती अत्यंत अल्प अशी परतफेड आहे. शिवाय आता प्रश्न केवळ हक्काचा राहिलेला नाही. पेयोटी पूर्ण वाढायला दहा-दहा वर्षे लागतात. नांगरणी, बांधकाम, चोरटी तोड यांनी टेक्सासमधील तिची राने आक्रसत आहेत. आदिवासींनी २०१७ साली संरक्षणासाठी संस्था उभारून तेथे ६०५ एकर जमीन राखली आहे. निसर्गतः आढळणाऱ्या अशा द्रव्यांवरील बंदी सैल करावी, अशी चळवळ अमेरिकेत जोर धरीत असता नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या प्रतिनिधींनी पेयोटीला तीतून वगळण्याचा आग्रह धरला. २०२२ साली कोलोरॅडोच्या मतदारांनी मान्य केलेल्या कायद्यात ती वगळलेली आहे.

ज्यांना एके काळी या निवडुंगाचे नावही नीट ठाऊक नव्हते त्यांनी तो उपटून टाकावयास सांगितला. आज कुतूहलापोटी त्याच्यामागे धावणारेही तो संपवू शकतात. दोन्ही वेळा ज्यांचा त्या वनस्पतीशी सर्वांत जुना संबंध आहे त्यांना अखेरीस विचारले जाते. कायदा करण्याआधी त्यांचे ऐकून घ्यावे, एवढेच क्वाना पार्कर कायदेकर्त्यांपुढे मागत होता. ती मागणी अवाजवी नव्हती, आणि अजून ती पुरती मान्य झालेली नाही.