सतत पुढची पायरी शोधणारे, तरी आजच्या कामात रमलेले महर्षी कर्वे

पुण्यात कर्वेनगरच्या बसमध्ये चढताना फार कुणाच्या मनात येत नाही, की या भागाचं मूळ नाव हिंगणे बुद्रुक आणि इथल्या ओसाड माळावर एका झोपडीत विधवा मुली शिकत होत्या. ज्यांचं नाव या उपनगराला मिळालं ते धोंडो केशव कर्वे, सगळ्यांचे अण्णा, १०४ वर्षं जगले. शाळेत आपल्याकडून त्यांच्याविषयी स्त्रीशिक्षण, महिला विद्यापीठ आणि भारतरत्न एवढं पाठ करून घेतलं जातं. पण त्यांचं आयुष्य आणखी एका कारणासाठी बघण्यासारखं आहे. हा माणूस कमालीचा महत्त्वाकांक्षी होता आणि तरीही आज हाताशी जेवढं आहे तेवढ्यात तो समाधानाने काम करत राहायचा. हे दोन्ही एका माणसात कसं नांदलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते पाहू.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा. बालपण गेलं कोकणात, मुरूडला. घरची परिस्थिती बेताची. सतराव्या वर्षी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्याला निघाले, तेही पायी. शंभराहून जास्त मैलांची वाट, मध्ये कुंभार्ली घाट. चार दिवस चालून ते पोहोचले, तर परीक्षा समितीने त्यांना परत पाठवलं. का? तर मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही! शरीरयष्टी किरकोळ होती, एवढाच दोष. पुढे मॅट्रिक व्हायला वयाचं तेविसावं वर्ष उजाडलं आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणितात बी. ए. झाले ते १८८४ साली, सव्विसाव्या वर्षी. आजच्या हिशेबाने पाहिलं तर गडी मागे पडलेलाच. पण आपण मागे पडलो, याचा त्रागा करत बसलेले अण्णा कुठे दिसत नाहीत. शिकवण्या करायच्या, त्यातून घर चालवायचं आणि पुढचं पुस्तक उघडायचं, असा त्यांचा क्रम होता.

१८९१ साली पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या. त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावणं आलं. पगार मोठा नव्हता, पण काम मनासारखं होतं. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवलं आणि १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. या लग्नामुळे मुरूडच्या लोकांनी अण्णांवर बहिष्कार घातला. स्वतःच्या आईकडे मुक्काम करायचीही सोय राहिली नाही.

इथे अण्णांचा स्वभाव नीट कळतो. त्यांनी त्या वर्षी विधवाविवाहाला उत्तेजन देणारं मंडळ काढलं. दोन वर्षांत लक्षात आलं, की समाज अजून तेवढा पुढे आलेला नाही. मग मंडळाचं नाव बदलून ‘विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळ’ केलं. म्हणजे लग्नं लावून देण्याचा आग्रह मागे ठेवला आणि ज्यांना करायचं आहे त्यांच्या वाटेतले अडथळे दूर करायचे, एवढंच उद्दिष्ट धरलं. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा तर तिथे पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, फक्त शिकवायचं, असं धोरण ठेवलं. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या माणसाने हे करावं, हे अनेक कट्टर सुधारकांना आवडलं नाही. ही टीका अगदीच निराधार होती असं वाटत नाही. पण मुलींना आश्रमात पाठवायला घाबरणारे आईबाप त्यामुळेच तयार झाले, हेही तितकंच खरं.

रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि साडेसातशे रुपये दिले. त्यातून झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तिथे गेला. तेव्हा शहरापासून हिंगणं लांब. धड रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. अण्णा कॉलेजात गणित शिकवायचे आणि ही वाट पायी तुडवायचे. मधल्या वेळात वर्गणी गोळा करायची. कुणी चार आणे दिले तरी ते नोंदून घ्यायचे. मोठी देणगी मिळेपर्यंत थांबू, मग नीट इमारत बांधून सुरुवात करू, हा विचार त्यांना कधी पटला नाही. झोपडी आहे ना, मग आजचा वर्ग झोपडीत!

१९०७ साली महिला विद्यालय आलं. १९०८ साली त्यांनी निष्काम कर्ममठ काढला. नाव ऐकून संन्याशांचा मठ वाटेल, पण तो या संस्थांसाठी आयुष्य देणारे कार्यकर्ते तयार करण्यासाठी होता. फळाची आशा न धरता काम करायचं, ही गीतेतली कल्पना आपण एरवी कीर्तनात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. अण्णांनी तिची चक्क संस्था काढली.

आता तुम्ही म्हणाल, निष्काम माणसाला विद्यापीठ कशाला हवं? पण त्यांना स्वतःसाठी काही नको होतं, कामासाठी मात्र सगळं हवं होतं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हातात पडली आणि त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ही कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठ सुरू केलं. सरकारी मान्यता नाही, पैसा नाही आणि कॉलेजात मुली किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नावात विद्यापीठ आणि वर्गात चारदोन मुली, ही थट्टेची गोष्ट होती. अण्णा त्या चारदोन मुलींचं शिक्षण व्यवस्थित चालवत राहिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. तेच आजचं एसएनडीटी.

आता नाण्याची दुसरी बाजू. अण्णांचा साधेपणा घराला परवडत नव्हता. साठवलेले पैसे आश्रमाला आणि पाच हजारांची विम्याची पॉलिसी, तीही आश्रमाला. उद्या आपलं काही झालं तर मुलाबाळांचं काय, हा प्रश्न अण्णांच्या मनात मागच्या रांगेत होता. बायांच्या मनात तो पहिल्या रांगेत होता. त्यांनी यावरून भांडणं केली आणि ‘माझे पुराण’ या आत्मकथनात हे सगळं लपवून न ठेवता लिहिलं. अण्णांविषयी वाचताना हे पुस्तक जरूर शेजारी ठेवा. नवऱ्याला आजच्या दिवसात निर्धास्तपणे जगता आलं, कारण उद्याची काळजी बायको वाहत होती. बायाही स्वतः आश्रमासाठी राबल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले तर आश्रमाची वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या.

या माणसाचं पुढचं आयुष्य म्हणजे निवृत्तीनंतरचा आराम असेल, असं वाटत असेल तर थांबा. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते विद्यापीठाची माहिती सांगायला जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनला आइन्स्टाइनला भेटले. त्यानंतर आफ्रिकेलाही जाऊन आले. १९३६ साली खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, कारण ज्या गावात सरकारी शाळा नाही तिथल्या मुलांचं काय, हा प्रश्न उरलाच होता. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. प्रत्येक वेळी मागची संस्था दुसऱ्यांच्या हाती सोपवायची आणि पुन्हा वर्गणीच्या वहीपासून सुरुवात. आपण उभं केलेलं काम असं सोडून देणं फार थोड्यांना जमतं. संस्थेच्या खुर्चीला चिकटून बसलेले संस्थापक आपण कितीतरी पाहतो.

१९५८ साली शंभरी पूर्ण झाली, तेव्हा त्यांना भारतरत्न मिळालं आणि हयातीतच त्यांच्या चित्राचं टपाल तिकीटही निघालं. बाया हा सोहळा पाहायला नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या होत्या. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात अण्णांचं निधन झालं. हिंगण्याची ती पहिली झोपडी संस्थेने जपून ठेवली आहे.