टॉम सिम्पसन : जर्सीच्या खिशातल्या तीन नळ्या

कॉलेज मॅगझिनमध्ये चरित्र म्हटलं की कलामसाहेब नाहीतर टाटा, हे ठरलेलंच असतं. मी मात्र एका सायकलवाल्यावर लिहिणार आहे. त्याला कारण आमची वाघोली. इथे आता कोपऱ्याकोपऱ्यावर जिम आहे आणि जिमच्या गप्पांत मेफेंटरमिन या इंजेक्शनचं नाव सहज निघतं. हे खरं तर ऑपरेशनच्या वेळी खाली गेलेलं बीपी वर आणायचं औषध. ते जिमवाल्या पोरांना चोरून विकणाऱ्यांना पुणे पोलिसांनी गेल्या काही वर्षांत पकडलंय. बातमी छापून येते आणि थोड्या दिवसांनी आणखी कोणीतरी पकडला जातो. जिवावर बेतू शकतं हे माहीत असून लोक का घेतात? याच औषधाचं चुलत भावंड म्हणजे अॅम्फेटामिन आणि त्याचा सगळ्यात गाजलेला बळी म्हणजे टॉम सिम्पसन.

जन्म ३० नोव्हेंबर १९३७, इंग्लंडमधल्या डरहॅम परगण्यात. वडील कोळशाच्या खाणीत कामगार, घरात सहा भावंडं, हा शेंडेफळ. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सांघिक शर्यतीत ब्राँझ मिळालं, तेव्हा पोरगा जेमतेम एकोणीसचा होत होता. पण इंग्लंडमध्ये सायकलिंगवर पोट भरत नव्हतं. म्हणून १९५९ मध्ये थोडीशी शिल्लक खिशात घालून तो फ्रान्सला गेला. पुढचं भराभर सांगते. १९६२ मध्ये टूर द फ्रान्सची पिवळी जर्सी घालणारा तो पहिला ब्रिटिश ठरला (एकच दिवस का होईना!) आणि १९६५ मध्ये जगज्जेता झाला.

इथे खरी गोष्ट सुरू होते. जगज्जेत्याला पुढचं वर्षभर सगळीकडून बोलावणं असतं, म्हणजे तेच कमाईचं वर्ष. आणि १९६६ च्या सुरुवातीलाच स्कीइंग करताना याचा पाय मोडला. टूर संपल्यावर फ्रान्स-बेल्जियममधल्या गावोगावी छोट्या शर्यती व्हायच्या. तिथलं मानधन टूरमधल्या नंबरावर ठरायचं, आपल्या जत्रेत नावाजलेल्या पैलवानाला जास्त बिदागी मिळते ना, तसंच. बायको, दोन लहान मुली, वय २९. १९६७ ची टूर त्याच्यासाठी करो या मरो होती. गोळ्या तर त्या काळी बहुतेक जण घेत. फ्रान्सने १९६५ मध्ये कायदा केला होता, पण १९६६ च्या टूरमध्ये तपासणी झाल्यावर खेळाडूंनीच सायकली थांबवून निषेध केला. आपण सोडली आणि शेजारच्याने घेतली तर आपण मागे पडणार, हा हिशोब प्रत्येकाच्या डोक्यात होता. मला हा हिशोब रसायनापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

आता रसायन. अॅम्फेटामिनने ताकद फारशी वाढत नाही, थकवा जाणवायचा बंद होतो. मोटरचा ओव्हरलोड रिले बायपास केला तर मोटर ट्रिप होत नाही, पण वाइंडिंग तापतच राहतं. तसंच शरीराचं होतं. शिवाय कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, आतली उष्णता बाहेर पडत नाही. सवय झाली की तेवढ्याच परिणामासाठी डोस वाढवावा लागतो.

१३ जुलै १९६७. मार्सेय ते कार्पांत्रा, २११ किलोमीटर, मध्ये माँ व्हांतू. उंची सुमारे १९१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही जास्त, आणि माथ्याकडे झाडाचं पान नाही, नुसता पांढरा दगड. पारा चाळिशीच्या वर. सिम्पसनचं पोट आधीच बिघडलेलं, अन्न टिकत नव्हतं. त्या काळी नियमानुसार पाणी मोजकंच मिळायचं. खेळाडू वाटेतल्या हॉटेलात घुसून हाताला लागेल ते उचलायचे. त्यात त्याच्या पोटात ब्रँडीही गेली.

चढावर तो झोकांड्या खात पडला. मेकॅनिक थांब म्हणत होता, त्याने ऐकलं नाही, पुन्हा सायकलवर बसवायला लावलं. थोडं अंतर गेला आणि परत कोसळला. माथा दीड किलोमीटरवर होता. हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं सोडवावी लागली. टूरचे डॉक्टर द्युमा धावत आले. १९५५ मध्ये याच डोंगरावर मालेजाक नावाचा खेळाडू असाच कोसळला होता आणि त्याला याच डॉक्टरांनी वाचवलं होतं. म्हणजे डोंगर काय करू शकतो हे सगळ्यांना बारा वर्षं ठाऊक होतं. सिम्पसन वाचला नाही. जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या तीन नळ्या निघाल्या, दोन रिकाम्या, एक अर्धी. शवविच्छेदनात अॅम्फेटामिन आणि अल्कोहोल सापडलं.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी एका ब्रिटिश खेळाडूला पुढे जाऊ देऊन जिंकू दिलं. १९६८ पासून टूरमध्ये रोज तपासणी सुरू झाली. तो पडला तिथे ग्रॅनाइटचं स्मारक आहे, येणारेजाणारे सायकलवाले तिथे पाण्याच्या बाटल्या, टोप्या ठेवतात. २००० च्या टूरमध्ये त्या स्मारकावरूनच दोघं माथ्याकडे गेले, पांतानी आणि आर्मस्ट्राँग. पांतानी जिंकला. २००४ मध्ये तो कोकेनने गेला आणि आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं डोपिंगपायी २०१२ मध्ये काढून घेतली गेली.