विश्लेषण : शून्य भागिले शून्य आणि बाळशास्त्री जांभेकर

बाळशास्त्री जांभेकर म्हटले की ‘दर्पण’ आठवते. त्यांच्या ग्रंथांच्या यादीतले ‘शून्यलब्धिगणित’ हे नाव मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही. लब्धी म्हणजे भागाकाराचे उत्तर. आज कॉलेजात कॅल्क्युलस म्हणून शिकवतात, तो हा विषय.

बाळशास्त्री 1812 मध्ये देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावी जन्मले. शिक्षणासाठी किशोरवयातच मुंबईला आले. 1832 मध्ये, विशीत, ‘दर्पण’ सुरू केले. 1834 मध्ये एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले. त्या पदावरचे ते पहिले भारतीय. शिकवायचे ते प्रामुख्याने गणित.

शून्याला शून्याने भागले तर?

सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने उत्तर दिले होते : शून्य. ते टिकले नाही. सहा भागिले दोन तीन, कारण तीन दुणे सहा. पण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. मग लब्धी कोणतीही चालेल. कॅल्क्युलसची युक्ती अशी, की भागाकार थेट शून्यावर करायचा नाही. कुलाब्याच्या समुद्रातली बोट एका क्षणात किती अंतर कापते? शून्य. त्याला वेळ किती? शून्य. म्हणून एका मिनिटाचे अंतर घ्यायचे, मग एका सेकंदाचे, मग त्याहून कमी. वेग ज्या आकड्याकडे सरकत जातो, ती लब्धी.

संगणकाला एवढा विचार करायला सवड नसते. त्याच्यासमोर नुसती दोन शून्ये येतात. 1985 च्या आंतरराष्ट्रीय मानकाने त्यासाठी ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, अशी खूण ठरवली. जावास्क्रिप्टमध्ये किंमतच न दिलेल्या ‘अनडिफाइन्ड’मध्ये पाच मिळवले तरी नॅनच येते. पायथन मात्र अशा वेळी चूक दाखवून थांबतो. एसक्यूएलमध्ये कोऱ्या जागेत काहीही मिळवा, उत्तर कोरेच. जावास्क्रिप्टमधले ‘नल’ सर्वांत फसवे : त्याला शून्य समजून पाच अधिक नल पाचच येते.

यात बिघडते काय? बाळशास्त्रींनी काही काळ कुलाबा वेधशाळेचेही काम पाहिले. वेधशाळेच्या वहीत तापमानाची एखादी नोंद राहिली आणि तिथे कुणी शून्य लिहिले, तर महिन्याची सरासरी घसरते आणि चूक दिसतही नाही. शून्य हे तापमान आहे. राहिलेली नोंद नव्हे. नॅन निदान डोळ्यांत खुपते.

‘दर्पण’ 1840 मध्ये बंद पडले. त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढले. त्यात विज्ञानाला मोठी जागा होती. 1846 च्या मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे 34. त्यांचे विद्यार्थी केरो लक्ष्मण छत्रे तोवर वेधशाळेच्या कामात मुरले होते. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले आणि डेक्कन कॉलेजात त्यांच्या वर्गात टिळक येऊन बसले.