रेषेला समीकरण देणारे रेने देकार्त



दहावीच्या आसपासची मुले आलेख कागदावर ठिपके मांडतात, पट्टीने जोडतात आणि रेषेचे समीकरण लिहितात. य = २क्ष + १ हे त्यातलेच एक. क्ष शून्य घेतला तर य १ येतो, क्ष १ घेतला तर ३, क्ष २ घेतला तर ५. हे सारे ठिपके एकाच सरळ रेषेत बसतात. क्ष एक घर पुढे सरकला की य दोन घरे वर जातो, म्हणून २ हा त्या रेषेचा चढ. आकृती आणि अक्षरे यांची ही सोयरीक जुळवणारे रेने देकार्त कॅथलिक होते, हे आपल्या पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

त्यांचा जन्म फ्रान्समध्ये ३१ मार्च १५९६ रोजी झाला. पुढच्याच वर्षी आई वारली, आजीने वाढवले. ला फ्लेशच्या शाळेत येशूसंघीय धर्मगुरूंनी या अशक्त मुलाला सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहण्याची सवलत दिली. ती सवय जन्मभर टिकली. पुढे कायद्याची पदवी, मग सैन्य. १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्री जर्मनीत त्यांना तीन स्वप्ने पडली. त्यांचा अर्थ लावताना त्यांनी लोरेटोच्या पवित्र मरियेच्या यात्रेचा नवस बोलला.

१६३३ साली गॅलिलिओंना शिक्षा झाल्याचे कळताच त्यांनी आपला विश्वाविषयीचा ग्रंथ छापायचा थांबवला. १६३७ मध्ये हॉलंडातील लायडन येथे त्यांची 'भूमिती' निघाली. अज्ञातासाठी रोमन लिपीतली शेवटची अक्षरे वापरण्याची रीत त्यातलीच. (छतावरच्या माशीकडे पाहून त्यांना ही युक्ती सुचली, ही गोष्ट दंतकथाच समजावी.) आजचे दोन काटकोनी अक्ष मात्र त्या पुस्तकात जसेच्या तसे नाहीत, ते पुढच्यांनी बसवले. त्याच सुमारास फ्रान्समधील फर्मा यांनीही स्वतंत्रपणे हीच वाट शोधली होती, आणि पहिल्या घाताचे समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे त्यांनीच अधिक स्पष्ट मांडले. श्रेय दोघांचे आहे.

देकार्त यांचे स्वतःचे आयुष्य काही सरळ रेषेत गेले नाही. हेलेना या मोलकरणीपासून त्यांना १६३५ साली फ्रान्सिन नावाची मुलगी झाली. लग्न झालेले नव्हते. १६४० साली पाच वर्षांची ती पोर तापाने गेली. त्या दुःखातून ते सहज सावरले नाहीत.

सेमिनरीत आम्ही देकार्त शिकलो ते बहुधा खोडून काढण्यासाठी. १६६३ साली रोमने त्यांचे ग्रंथ निषिद्ध यादीत घातलेच होते. पण शंका घेत घेत देवापर्यंत पोहोचू पाहणाऱ्या माणसाला श्रद्धेचा शत्रू ठरवणे आम्हाला पटत नाही. आपल्या घरातले मूल प्रश्न विचारते तेव्हाही आपण उगाच घाबरतो.

१६४९ साली स्वीडनच्या राणी क्रिस्तिना यांनी त्यांना बोलावले. शिकवणीची वेळ पहाटे पाचची, त्यात तिकडचा हिवाळा! न्युमोनिया होऊन ११ फेब्रुवारी १६५० रोजी स्टॉकहोममध्ये ते वारले. देश लुथरपंथी, म्हणून या कॅथलिक माणसाला स्नानसंस्काराआधीच गेलेल्या बालकांच्या दफनभूमीत जागा मिळाली. चार वर्षांनी राणीने राज्य सोडले आणि ती कॅथलिक झाली. देकार्त यांच्या अस्थी पुढे फ्रान्सला नेण्यात आल्या. १८१९ पासून त्या पॅरिसच्या सेंट-जर्मेन-दे-प्रे चर्चमध्ये आहेत.